पाणी न पिणाऱ्या कागदावरचा शिक्का

एका सकाळी कलमांना पाणी घालत होते आणि लक्षात आलं की ३७ कुंड्यांपैकी एकाही लेबलवर तारीख उरलेली नाहीये. लेबलं जागच्या जागी होती, पांढरीशुभ्र, एकही फाटलेलं नाही की मऊ पडलेलं नाही, म्हणजे ज्या कामासाठी तो वॉटरप्रूफ कागद मी हौसेने आणला होता ते काम त्याने चोख केलं होतं, फक्त त्याच्यावर शिक्क्याने मारलेली तारीख आणि मूळ झाडाचा नंबर तेवढे गेले होते. काहींवर निळसर ढग, काहींवर तोही नाही. कुठल्या झाडाची काडी, कुठल्या दिवशी लावली, किती दिवसांनी मुळं धरली, हे सगळं मी वहीत नंबरावरून लिहिते, आणि वही नि कुंडी यांना जोडणारा तो नंबरच धुऊन गेला. वेगवेगळ्या झाडांची कलमं मी पानांवरून ओळखली, पण एकाच जास्वंदीच्या सहा काड्या सहा वेगवेगळ्या तारखांना लावल्या होत्या त्या कशा ओळखणार? सात महिन्यांची नोंद गेली. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

तेव्हापासून शाईच्या मागे लागले. आणि आज जे लिहितेय ते तेव्हा कुणी मला सांगितलं असतं तर त्या सहा काड्यांचा हिशोब आज माझ्याकडे असता, म्हणून सगळं नीट, लांबलचक लिहितेय.

पहिली गोष्ट मी केली ती सगळे करतात तीच, ‘परमनंट’ लिहिलेला नवा स्टॅम्प पॅड आणला. शिक्का मारला, छान काळाभोर उठला, दोन दिवस ठेवला, मग अंगठा फिरवला तर सगळं फिसकटलं. दोन दिवसांनी! साध्या कागदावर तीच शाई काही सेकंदांत वाळत होती आणि पाण्याखाली धरली तरी हलत नव्हती, म्हणजे पॅडवर लिहिलेलं खोटं नव्हतं. मग याच कागदावर काय झालं?

याचं उत्तर शोधताना मला पहिल्यांदा कळलं की पॅडवरची शाई मुळात वाळण्यासाठी बनवलेलीच नसते. पॅड तासन् तास उघडा राहिला तरी ओला राहायला हवा ना, म्हणून नेहमीच्या शाईत पाण्यासोबत ग्लिसरीन किंवा ग्लायकोल असतं, ते हवेत उडून जात नाही, ग्लिसरीन तर उलट हवेतला दमटपणा ओढून घेतं. मग कागदावर ती वाळते कशी? ती वाळत नाही, ती आत जाते. साधा कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची दाट गुंतवळ, त्यातल्या बारीक फटी शाई ओढून घेतात, वर काही उरत नाही म्हणून बोटाला लागत नाही, आणि आपण म्हणतो वाळली. टीपकागदाचं टोक शाईला लावलं की शाई वर चढते तेच हे, फक्त सावकाश. आता हीच शाई अशा कागदावर ठेवा जो काहीच पीत नाही. तिला आत जायला वाट नाही, वर उडायला मन नाही. दोन दिवस काय, दोन आठवड्यांनी बघितलं तरी ती तशीच ओली बसलेली असते. पॅड टिकावा म्हणून दिलेला गुणच इथे नडतो.

हे कळल्यावर माझा प्रश्नच बदलला. आधी मी विचारत होते की सगळ्यात पक्की शाई कुठली. आता विचारते की या कागदावर शाई धरणार कशी, आत जाऊन, हवेत उडून, हवेशी संयोग होऊन घट्ट बनून, की तापून वितळून. शाईची बाटली हातात घेण्याआधी एवढं एक ठरलं की निम्मं काम झालं.

पण त्यासाठी आधी कागद ओळखायला लागतो, कारण ‘वॉटरप्रूफ पेपर’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या चिजा विकल्या जातात. मी एक साधी गोष्ट करते, कोपरा फाडते. कडेला बारीक तंतू दिसले तर तो झाडाच्या लगद्याचा कागद, वरून किंवा आतून काहीतरी लावून पाण्यापासून वाचवलेला. (कागदाने शाई जास्त पिऊ नये म्हणून लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची पद्धत मोरित्झ इलिगने १८०७ मध्ये छापून मांडली, म्हणजे कागदाला थोडं पाणीविरोधी करायची खटपट जुनीच आहे.) राइट इन द रेन नावाच्या वह्या याच जातीच्या, १९१६ पासूनच्या, जंगलात लाकूडतोडीचं काम करणाऱ्यांना पावसात लिहिता यावं म्हणून निघालेल्या. फाडताना कागद आधी ताणला गेला, कड गुळगुळीत पांढरट झाली तर ते प्लास्टिकच, युपो हा त्यातला नावाजलेला, तो पॉलिप्रॉपिलीनचा. मुळी फाटतच नाही आणि उजेडात धरला की आत पांढरे धागे विखुरलेले दिसतात तो टायवेक, पॉलिएथिलीनचा, १९५५ मध्ये ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या एका संशोधकाला प्रयोगशाळेतल्या पाइपातून पांढरा, कापसासारखा पुंजका बाहेर येताना दिसला आणि त्यातून पुढे तो घडला. मग स्टोन पेपर, ज्यात साधारण ८० टक्के चुनखडीची भुकटी आणि बाकी पॉलिएथिलीन असतं, हाताला मऊ लागतो, वजनाला जड. आणि टेस्लिनसारखा कागद, जो प्लास्टिकचा असूनही आत अतिसूक्ष्म छिद्रं आणि सिलिका असल्यामुळे शाई पितो, पण स्वतः भिजून लगदा होत नाही. माझी लेबलं कुठली होती? पॉलिप्रॉपिलीन, बाजूला उरलेल्या कागदाचा कोपरा ओढल्यावर च्युइंगमसारखा लांबला तेव्हा समजलं.

प्लास्टिकवर पाणी थेंब धरून बसतं हे सगळ्यांनी पाहिलंय, पण त्याच्यामागचे आकडे बघितल्यावर मला जी स्पष्टता आली ती कुठल्याच जाहिरातीने दिली नव्हती. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ डाइन प्रति सेंटीमीटर, ग्लिसरीनचा ६३ च्या आसपास, एथिलीन ग्लायकोलचा ४८, आणि पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाची स्वतःची ओढ साधारण ३० ते ३१. द्रवाची आपल्यातच एकत्र राहायची ओढ, म्हणजेच पृष्ठताण, पृष्ठभागाच्या ओढीपेक्षा जास्त असेल तर तो पसरणार नाही, गोळा होऊन बसेल, थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो त्याचा हा हिशोब थॉमस यंगने १८०५ मध्ये मांडला. म्हणजे माझी आधीची शाई त्या लेबलला खऱ्या अर्थाने कधी टेकलीच नव्हती, नुसती वर ठेवलेली होती. आणि अल्कोहोल बघा, आयसोप्रोपिलचा पृष्ठताण २१-२२. तो ३० च्या खाली असल्यामुळे तो प्लास्टिकवर सरळ पसरतो, चिकटून बसतो, आणि मग उडून जातो. सॉल्व्हंट शाई, म्हणजे पाण्याऐवजी अल्कोहोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात बनवलेली शाई, का चालते ते इथे आहे, त्यात दुसरं रहस्य काही नाही.

छपाईवाले याच्यावर दुसऱ्या बाजूनेही उपाय करतात, प्लास्टिकच्या फिल्मवर उच्च दाबाच्या विजेचा झोत (त्याला कोरोना म्हणतात) सोडून पृष्ठभागाची ओढ ३८ ते ४२ डाइनपर्यंत चढवतात. काही सिंथेटिक कागदांची एकच बाजू अशी तयार केलेली असते आणि तो परिणाम काळाने उतरतही जातो, म्हणून त्याच गठ्ठ्यातला कागद एका बाजूने शिक्का धरतो नि दुसऱ्या बाजूने नाही असं झालं तर शाईला दोष देण्याआधी कागद उलटा करून बघा. मी एक अख्खी संध्याकाळ हे न कळता घालवली.

मग मी पट्ट्या केल्या. पाच कागद, पाच शाया. प्रत्येक पट्टीवर एकच शिक्का, मग दहा सेकंदांनी, एका मिनिटाने, दहा मिनिटांनी, तासाने, एका दिवसाने असा अंगठा फिरवायचा, दर वेळी नव्या ठशावर. दिवस झाला की पट्टी पाण्यात, ओलीच असताना पुन्हा अंगठा, मग साबण, मग वाळवून पारदर्शक चिकटपट्टी लावून झटक्यात ओढायची. ओल्या अंगठ्याची पायरी कुणी गाळू नये, कारण नुसतं पाण्यात ठेवल्यावर न हलणारा ठसा ओलं बोट घासलं की बऱ्याचदा निघतो, आणि कुंडीतल्या लेबलला तर माती, पान, हात सगळंच घासतं.

डायची पाण्यातली शाई प्लास्टिकवर अगदीच गेली, ते अपेक्षितच होतं. डाय म्हणजे रंग द्रवात पूर्ण विरघळलेला, साखरेसारखा, पुन्हा पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. पिगमेंटची गोष्ट वेगळी, तिथे रंगाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात, विरघळलेले नसतात, त्यामुळे पाण्याने ते विरघळणार नाहीत हे खरं, पण त्यांना धरून ठेवायला काहीतरी लागतं. त्या धरणाऱ्या चिकट भागाला बाइंडर म्हणतात, तो कागदाला घट्ट बसला तरच पिगमेंट टिकतो, नाहीतर नुसती काजळी. माझ्या पट्ट्यांवर साधी पिगमेंट शाई तंतूवाल्या लेपित कागदावर आणि टेस्लिनवर सुंदर बसली, अर्ध्या दिवसाने ओल्या अंगठ्यालाही दाद देईना, आणि पॉलिप्रॉपिलीनवर मात्र दुसऱ्या दिवशीही बोटाला आली. तेलाच्या पिगमेंट शाईने उठलेली रेघ सगळ्यात रेखीव, इतकी बारीक अक्षरं दुसऱ्या कशानेच आली नाहीत, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं म्हणून ती वाट बघायला लावते, स्टोन पेपरवर दीड दिवस लागला. ज्यांना घाई नाही आणि कागद थोडासा तरी पितो त्यांनी हीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे, सगळे सॉल्व्हंटच घ्या सांगतात ते मला पटत नाही.

पण निव्वळ प्लास्टिकवर, युपो, टायवेक, माझी लेबलं, तिथे सॉल्व्हंटला पर्याय नाही. स्टॅझऑन हे नाव शिक्क्यांची हौस असणाऱ्यांमध्ये सगळ्यांना माहीत असतं, त्सुकिनेको नावाच्या कंपनीची ही शाई, काच, धातू, प्लास्टिक असल्या न पिणाऱ्या पृष्ठभागांसाठीच बनवलेली, तीन ते पाच मिनिटांत वाळते. कारखान्यांत पाइपांवर, डब्यांवर नंबर मारायला वापरतात त्या शाया त्याच घराण्यातल्या, जास्त तिखट. माझ्या पट्टीवर एका मिनिटाने थोडी लागली, दहा मिनिटांनी नाही, दिवसाने पाणी, साबण, ओला अंगठा सगळं झालं, चिकटपट्टीने एका जाड अक्षराची फक्त कड नेली. मी अक्षरशः ती पट्टी घेऊन घरभर फिरले. एक मात्र लक्षात ठेवा, स्पर्शाला कोरडी आणि आतून घट्ट यात फरक आहे, पाच मिनिटांत वाळली म्हणून लगेच पाण्यात घालू नका, एक रात्र द्या. आणि जे अल्कोहोलने चिकटलं ते अल्कोहोलने निघतंही, म्हणजे जिथे सॅनिटायझरचे हात लागणार तिथे या शाईवर विसंबू नका.

या शाईची किंमत शिक्क्याला मोजावी लागते, हे पॅडवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. पारदर्शक, जेलीसारखे दिसणारे फोटोपॉलिमरचे शिक्के सॉल्व्हंटने हळूहळू चिकट होतात, कडक पडतात, बारीक रेघा भरून जातात. लाल किंवा करड्या खऱ्या रबराचा शिक्का अल्कोहोलवाल्या शाईला चांगला टिकतो, पण पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटमध्ये रबरही फुगतं, म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते बघायचं. आणि दाबला की आपोआप शाई घेणारे सेल्फ-इंकिंग शिक्के असतात त्यांच्या पॅडमध्ये ही शाई ओतायचा मोह मला झाला होता. ओतू नका, ती आतच वाळते, सगळं यंत्र जाम होतं. तारखेसाठी जुना साधा, रबरी पट्ट्या बोटाने फिरवायचा शिक्का आणि वेगळा झाकणाचा पॅड, हेच बरं. काम संपल्या संपल्या शिक्का पुसायचा, त्याच शाईच्या क्लीनरने, नंतर करू म्हटलं की गेलं. पॅडचं झाकण प्रत्येक ठशानंतर टेकवायचं, आणि खिडकी उघडी ठेवून बसायचं, तो वास नुसता वास नाही, ते सॉल्व्हंट आपण आत घेत असतो.

हाताबद्दल थोडं, कारण शाई बरोबर असूनही माझे पहिले वीस ठसे खराब आले. साध्या कागदावर शिक्का दाबून जरा डुलवायची सवय असते आपल्याला, कडा नीट याव्यात म्हणून. प्लास्टिकवर तो घसरतो, आणि दुहेरी कडा येतात. सरळ खाली, हलका दाब, सरळ वर. शाई कमी घ्यायची, पॅडवर शिक्का दाबायचा नाही, टपटप टेकवायचा, नाहीतर कडेला ओघळ साठून अक्षराभोवती झालर येते. आणि शिक्का मारण्याआधी लेबलला बोट लावायचं नाही. आपल्या बोटाचं तेल त्या पृष्ठभागावर एक अदृश्य थर टाकून जातं आणि बरोबर तिथेच ठसा तुटतो, एका लेबलवर माझ्या अंगठ्याच्या रेषांच्या आकारात शाई सुटलेली होती. प्लास्टिक असेल तर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घेते आता. लेपवाल्या कागदाला आधी कोपऱ्यावर करून बघा, लेप निघू शकतो.

माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, “अगं एवढं कशाला, वरून चिकटपट्टी लाव की.” लावून बघितलं ना. शाई पूर्ण घट्ट व्हायच्या आत पट्टी लावली तर ती शाई पट्टीखाली दाबली जाऊन पसरते, आणि नंतर लावली तरी रोजच्या पाण्याने कडेकडेने ओल शिरते, काही आठवड्यांत पट्टीखाली मातीची रेघ. दुसरी एक जण म्हणाली एम्बॉसिंग पावडर टाक, म्हणजे ओल्या शाईवर राळेची भुकटी शिंपडायची नि हीट गनने वितळवायची. ठसा उठावदार येतो, पाणी त्याला काही करत नाही, लेपवाल्या तंतूंच्या कागदावर मी अजूनही कार्डांसाठी करते. पण पॉलिएथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढे, आणि हीट गनचा झोत त्याच्या किती तरी वर असतो. टायवेकचा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत आक्रसून बोराएवढा झाला.

आणि शिसपेन्सिल? हो, खरं सांगायचं तर खरखरीत सिंथेटिक कागदावर पेन्सिलला तोड नाही, ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, उन्हाने उडत नाही. पाचदहा लेबलं असतील तर पेन्सिलच घ्या, हा सगळा लेख विसरा. मला एकाच नंबरची तीन लेबलं लागतात, एक कुंडीत, एक काडीला, एक वहीत, आणि शेकड्यांनी, तिन्हींवर आकडा एकसारखा हवा, माझा हाताने लिहिलेला १ आणि ७ मला स्वतःला सहा महिन्यांनी वेगळा ओळखू येत नाही. म्हणून शिक्का.

जहाजांवरून जाणाऱ्या रसायनांच्या पिंपांवरच्या लेबलांना ब्रिटिश स्टँडर्ड ५६०९ नावाची कसोटी असते, त्यात लेबल तीन महिने समुद्राच्या पाण्यात ठेवतात, आणि कोरा कागद वेगळा तपासतात, छापलेला वेगळा. हे वाचून मला फार बरं वाटलं. कागद पास झाला म्हणजे शाई पास झाली असं ते धरत नाहीत. मी धरलं होतं.

आता वर्ष झालं. नवी लेबलं सॉल्व्हंटच्या काळ्या शाईची, रोजचं पाणी, खत, माती, सगळं झालंय, परवा एक कुंडी बदलताना मुळांच्या जाळ्यात अडकलेलं लेबल सापडलं, चिखल धुतला तर तारीख जशीच्या तशी, शून्याच्या आतला पांढरा भागसुद्धा भरलेला नाही. पण लाल शाईची लेबलं, जी मी फक्त फुलावर आलेल्या झाडांना लावते, ती दक्षिणेच्या बाजूला गुलाबी पडायला लागलीयेत. पुसली नाहीत, घासली तरी हलत नाहीत, उडतायत. पाण्यात टिकणं, बोटाला न लागणं आणि उन्हात टिकणं हे तीन वेगळे गुण आहेत आणि एकाच्या भरवशावर दुसरा धरून चालता येत नाही, सॉल्व्हंट शायांमध्ये रंग बहुधा डायचेच असतात आणि सूर्यप्रकाश डायचे रेणू तोडतो. काळ्यात काजळीचं पिगमेंट असेल तर त्याला ऊन काही करत नाही.

म्हणून खिडकीच्या काचेला एक पट्टी चिकटवून ठेवलीये. चार वेगवेगळ्या लाल शाया, अर्ध्या भागावर काळा जाड पुठ्ठा, अर्धा उघडा, कोपऱ्यात काळ्या शाईने तारीख. रोज येता-जाता पुठ्ठा उचलून बघावासा वाटतो. अजून उचललेला नाही.